कोरी काच

१

सकाळी दव वाळलं की मी पाला तोडायला मागच्या अंगणात जाते. दव असताना तोडला तर पाणी लेपात उतरतं आणि तीन दिवसांत सगळ्याला आंबूस वास येतो. ऊन तापल्यावर तोडला तर पानातला जीव निघून गेलेला असतो. मधला अर्धा तास तेवढा आपला.

पाला टोमॅटोचा. टोमॅटोच्या झाडाला कधी हात लागला असेल तर तो वास तुम्हाला माहीत असेल. हिरवा, कडवट, किंचित लोखंडासारखा. बोटांना पिवळट डाग पडतो आणि साबण लावला की हातावरून हिरवं पाणी वाहतं. ह्याचं अत्तर मी करतेय म्हटल्यावर शेजारीण म्हणाली, "पुढच्या खेपेला कांद्याचं कर. रडायला निमित्त तरी होईल."

बावीस वर्षं मी फुलांची अत्तरं करत आले. पाल्याच्या नादी लागले ते ह्यांच्यामुळे. माझे यजमान जाऊन दोन वर्षं झाली. कामावरून आले की हे अंगणात, सुट्टीच्या दिवशी दिवसभर अंगणात. हातांना कायम हा वास. ते गेले तेव्हा मी पहिल्याच आठवड्यात त्यांचे कपडे धुवून टाकले. घर आवरायचं म्हणून आवरलं. मग एका संध्याकाळी लक्षात आलं, की जिचं पोट नाकावर चालतं त्या बाईने नवऱ्याचा वास साबणाच्या पाण्याबरोबर मोरीत सोडून दिला होता.

यंदा थंडीच्या सुरुवातीला अंगणात टोमॅटोची वीस-बावीस रोपं आपोआप उगवली. ह्यांच्या हातून पडलेलं बी असणार. आमच्या अंगणाला तिन्ही बाजूंनी उंच भिंत आहे, जायची वाट घरातूनच, तेव्हा दुसऱ्या कोणी येऊन पेरायचा प्रश्न नव्हता. माझी अत्तरं विकणाऱ्या दुकानवालीला मी सांगितलं, की हल्ली लोकांना फुलांपेक्षा वेगळं काही हवं असतं. खरं कारण एवढंच होतं, की एकदा, एक श्वासभर का होईना, मला ते परत हवे होते.

२

हे काम ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. वास काढून टाकलेलं तेल आणि थोडं मेण एकत्र वितळवायचं. निवलं की लोण्यासारखा लेप होतो. लाकडी चौकटीत बसवलेल्या काचेवर तो पसरायचा आणि त्यावर पानं एकेक करून पालथी मांडायची. दुसऱ्या दिवशी जुनी पानं उचलायची, नवी मांडायची. असं पंचवीस दिवस. लेप रोज थोडा थोडा वास पितो. शेवटी तो खरवडून स्पिरिटमध्ये घालायचा आणि हलवत राहायचं. वास स्पिरिटमध्ये येतो, तेल मागे राहतं.

लेपाला पानाची आणि इतर कशाची ओळख नसते. खोलीत जे असेल ते तो घेतो. म्हणून ज्या बाईंनी मला ही विद्या शिकवली त्यांचा नियम होता, की प्रत्येक खेपेला एक काच कोरी ठेवायची. नुसता लेप, वर काही नाही. खोली काय देते ते त्या काचेवरून कळतं.

दुसरी गोष्ट त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितली होती. नाक नवं तेवढंच सांगतं. एखाद्या वासात थोडा वेळ बसलं की नाक त्याची बातमी द्यायचं बंद करतं. म्हणून माणसाला स्वतःच्या घराचा वास येत नाही, पाहुण्याला येतो.

बाईंनी आपला अत्तराचा कारखाना बंद केला तेव्हा काचा मी घरी आणल्या आणि मागच्या खोलीत मांडणीवर लावल्या. ती घरातली सगळ्यात थंड खोली. पूर्वी मी आणि चिमी, म्हणजे माझी लेक, तिथे झोपायचो. भिंतीला लागून असलेला मोठा पलंग अजून तिथेच आहे, वर गादी नाही, नुसत्या फळ्या. हे गेल्यापासून मी पुढच्या खोलीत त्यांच्या खाटेवर झोपते. मागच्या खोलीत फुलांचं काम करताना मी कोरी काच कधी ठेवली नव्हती. म्हटलं, स्वतःच्या घराला काय ओळखायचं. पण पाल्याचा वास नाजूक. त्याच्यात काही मिसळलं तर तो हरवेल, म्हणून ह्या खेपेला ठेवली. पलंगाच्या बाजूला, मांडणीच्या सगळ्यात खालच्या फळीवर.

रोज सकाळी मी वाकून तिचा वास घेत होते. तेल, मेण. दुसरं काही नाही.

३

दहाव्या दिवशी दुकानवाली आली. बाजारात तिचं लहानसं दुकान आहे, माझी अत्तरं तीच विकते. वयाने माझ्याहून लहान, तोंडाने मोठी.

"ताई, हे तुमचं भलतंच. गिऱ्हाईक गुलाब मागतं. मी काय त्याच्यापुढे भाजीची टोपली धरू?"

"आधी वास तर घ्या."

तिने पाल्याच्या काचेवर नाक नेलं आणि गप्प झाली. ही बाई गप्प होते तेव्हा माल चांगला असतो.

"पाला मस्त उतरलाय. मोडलेल्या देठासारखा. आणि त्याच्या मागे माणूस आहे, तो कसला?"

"माणूस?"

"म्हणजे, अभ्रा बदलायचा राहिला की उशीला येतो ना, तसा. केसांच्या मुळाशी असतो तसा. वाईट नाही हो. त्यानेच तर पाला अंगाला बिलगल्यासारखा वाटतोय. काय घातलंत?"

"काही नाही घातलं."

"नका सांगू. तुमची विद्या तुमच्यापाशी."

मी खालची कोरी काच काढून तिच्यापुढे धरली. तिने वास घेतला आणि मान मागे घेतली. पुन्हा घेतला. मग पलंगाकडे बघितलं, दाराकडे बघितलं.

"हिच्यावर तर नुसता तोच आहे," ती म्हणाली. आवाज जरा खाली आला होता. "ताई, तुमच्याकडे कोणी राहायला आलंय का?"

"नाही. कोण येणार?"

"बरं."

मी चहाचं आधण ठेवलं होतं. ती थांबली नाही. दुकान उघडं टाकून आलेय म्हणाली. एरवी तिचं दुकान तासभर उघडं राहिलं तरी तिला त्याचं काही नसतं.

ती गेल्यावर मी काच खिडकीपाशी नेली, डोळे मिटले आणि सावकाश वास घेतला. तेल. मेण. 

४

मी तशी नाकासमोर चालणारी बाई. भुताखेतांच्या गोष्टी मला लहानपणीही खऱ्या वाटल्या नाहीत. मी हिशेबाने विचार केला. गादी दोन वर्षांपूर्वीच देऊन टाकली. कपडे त्या खोलीत नाहीत. उंदीर असता तर लेंड्या दिसल्या असत्या, आणि उंदराचा वास उशीसारखा नसतो.

मग मला बाईंचं बोलणं आठवलं आणि मी भांडी घासता घासता थांबले. दुकानवालीला वास येतो, मला येत नाही. मला कोणता वास येणार नाही? ज्याच्यात मी रोज राहते तो. आणि ह्यांच्याबरोबर मी अठ्ठावीस वर्षं राहिले.

खरं तर मी घाबरायला हवं होतं. पण त्या संध्याकाळी मी कितीतरी दिवसांनी गुणगुणत भांडी पुसली.

त्यानंतर दुपारी मी शिवणाचं काम घेऊन मागच्या खोलीत बसू लागले. दार लावून घ्यायचे. नळाला पाणी कमी येतंय, शेजारणीने नवीन चष्मा केलाय, तिला तो शोभत नाही, असं काहीबाही सांगायचे. ह्यांना बोलायची आवड नव्हतीच, त्यामुळे उत्तर येत नाही ह्यात मला काही वेगळं वाटलं नाही. कधी पलंगाची फळी वाजायची. थंडीत लाकूड आखडतं. एकदा मी सुईत दोरा ओवत होते आणि फळी वाजली, मग तिच्या पलीकडची, मग त्याच्याही पलीकडची, भिंतीपाशी. लाकूड असं ओळीने आखडत असेल तर मला माहीत नाही.

चिमीचा फोन रोज साडेसातला येतो. एकदा तो आला तेव्हाही मी मागच्या खोलीतच बोलत बसले होते. 

"आई, आवाज कसला येतोय? कोणाशी बोलत होतीस?"

"रेडिओ लावलाय."

"रेडिओ बंद पडलाय म्हणून गेल्या महिन्यात रडत होतीस."

"दुरुस्त झाला."

"आई, तू इकडे ये बरं. किती सांगायचं? एकटी काय करतेस त्या घरात?"

एकटी नाही, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं.

पण मनाची खात्री होत नव्हती. मला ह्यांना ओळखणारं, पण त्यांच्याबरोबर न राहिलेलं नाक हवं होतं. असं एकच नाक मला माहीत होतं. मी कोऱ्या काचेवरचा चिमूटभर लेप एका डबीत घेतला, झाकण घट्ट लावलं आणि बाईंकडे गेले.

५

बाई दोन गल्ल्या सोडून राहतात, मुलाकडे. आता अंथरुणावरच असतात.

"ये. डोळे गेले, दात गेले, गुडघे गेले," त्या म्हणाल्या. "नाक तेवढं मागे राहिलंय. काल हिने दूध उतू घालवलं ते मला इथे पडल्या पडल्या कळलं."

"कळलं होतं तर हाक मारायची," आतून सून म्हणाली.

"मारली असती. म्हटलं, बघू तुझं नाक काय करतं."

मी डबी त्यांच्या हातात दिली. काही सांगितलं नाही. त्यांनी झाकण उघडलं, नाकाशी धरलं, लावलं, पुन्हा उघडलं. बाई एका वासाला इतका वेळ कधी घेत नसत.

"बाई, हे ते आहेत का?" मी विचारलं. माझा आवाज मलाच लहान मुलीसारखा वाटला.

त्यांना 'ते' म्हणजे कोण हे विचारावं लागलं नाही.

"नाही गं."

"नीट घ्या ना बाई."

"अगं, बारा वर्षं तुझा नवरा संध्याकाळी माझ्या दारात सायकल घेऊन उभा राहायचा. पाला, घाम आणि सायकलचं वंगण. त्या माणसात चौथं काही नव्हतं. ह्यात त्यातलं एकही नाही."

मी मान खाली घातली. त्यांना ते दिसत नव्हतं, पण त्यांनी माझा हात शोधून धरला.

"हा तुझा वास आहे," त्या म्हणाल्या.

"माझा?"

"तू शिकायला आलीस ना, तेव्हापासून तुझ्या केसांना होता. सकाळी येताना जास्त, दुपारनंतर थोडा विरायचा. म्हणून तर तुझ्या डोक्याला फडकं बांधायला लावलं मी. तुला वाटलं, तेल गळू नये म्हणून. मी म्हटलं, असेल सासरच्या घराचा. प्रत्येक घराला असतो."

मला वाईट वाटलं, आणि हलकंही वाटलं. माझाच वास. त्यात काय एवढं. स्वतःचा वास कोणाला येतो?

मग मी विचारलं, "पण बाई, घराचा असेल तर ह्यांना का नव्हता? तेही त्याच घरात राहायचे."

बाईंनी डबी पुन्हा नाकाशी नेली. आत सुनेने भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला.

"ते माझ्याही मनात आलं होतं," त्या म्हणाल्या. "लेकीकडे जा थोडे दिवस. रोज केस धू. कपडे तिचे घाल. जाताना खोलीत एक नवी कोरी काच ठेव आणि कुलूप लाव. तू नसताना तिला काही लागलं नाही, तर तो तुझाच. मग हस आणि विसर. परत येशील तेव्हा नाक कोरं असेल. दारातून आत आलीस की पहिले शंभर श्वास मोज. त्यानंतर नाक काही म्हणालं तर ऐकू नकोस."

"आणि काचेला लागला असला तर?"

"झाकण लाव त्या डबीला," बाई म्हणाल्या.

६

पंचवीस दिवस भरत आलेच होते. मी लेप खरवडला, स्पिरिटमध्ये घातला, गाळला, आणि पाल्याच्या अत्तराची बोटाएवढी एक बाटली भरली. बाकीच्या काचा धुवून उभ्या केल्या. एकच काच नव्या लेपाने सारवून खालच्या फळीवर ठेवली, खोलीला कुलूप घातलं आणि बाटली बरोबर घेऊन चिमीकडे गेले.

ती मोठ्या शहरात पाचव्या मजल्यावर राहते. जावई कामानिमित्त बाहेरगावी, चिमी दिवसभर ऑफिसात. मी तिचे सलवार-कुडते घालून फिरत होते, रोज डोकं धूत होते. तिच्या घरात सगळं पांढरं आणि नवं. पहिले चार दिवस मला कसलाच वास आला नाही. पाचव्या दिवशी मला तिच्या घराचा वास आला. रंगाचा, पुठ्ठ्याच्या खोक्यांचा, तिच्या साबणाचा. माझं नाक कोरं होत होतं.

आठव्या संध्याकाळी ती माझे केस विंचरत होती. मध्येच वाकून तिने माझ्या डोक्याचा वास घेतला.

"गेला गं," ती म्हणाली. 

"काय गेला?"

"आपल्या घराचा वास. आलीस तेव्हा होता तुझ्या केसांना. मला इतकं छान वाटलं होतं. आता तू माझ्या शाम्पूसारखी झालीस."

मी विचारलं, "कसा असतो गं आपल्या घराचा वास?"

"तुझाच की. लहानपणी झोपताना यायचा. मी तुझ्याकडे पाठ करून झोपायचे, आणि मागून तो ऊब असल्यासारखा यायचा. मानेवर. मग मला झोप लागायची."

"तू कडेला झोपायचीस?"

"छे. मी भिंतीकडे. नाही, थांब. भिंतीकडे पाठ असायची. तोंड तुझ्याकडे." कंगवा माझ्या केसांत तसाच थांबला. "म्हणजे मी तुझ्याकडे तोंड करून झोपायचे का?"

"हो," मी म्हणाले. "मी कडेला, तू मध्ये. तू पडशील म्हणून मी तुला कधी कडेला झोपवलं नाही. नेहमी माझ्याकडे तोंड करून झोपायचीस. मागे भिंत होती."

कंगवा पुन्हा फिरू लागला.

"लहानपणीचं काही नीट आठवत नाही माणसाला," ती म्हणाली. "आई, राहा ना इथेच."

"काच बघायची आहे. बघून येते," मी म्हणाले.

७

दुपारी तीनला मी घराचं दार उघडलं. पिशवी दारातच ठेवली आणि मोजायला सुरुवात केली.

एक ते दहा. बंद घराची धूळ, गार फरशी, मोरीतलं आटलेलं पाणी. पुढच्या खोलीत ह्यांची खाट. मी गुडघ्यांवर बसून तिच्या दोऱ्यांना नाक लावलं. सुतळी. माझं डोक्याचं तेल. आणखी काही नाही. खुंटीवर त्यांची टोपी होती, ती हुंगली. धूळ. स्वयंपाकघर, कपाट, दाराची कडी, जिथे जिथे त्यांचा हात लागत होता तिथे तिथे मी गेले. तीस श्वास झाले. ते कुठेच नव्हते. दोन वर्षांत पहिल्यांदा मी ते स्वतःशी कबूल केलं. हे घरात नव्हते.

मग मी मागच्या खोलीचं कुलूप काढलं.

दार उघडताच तो आला. माझ्या चेहऱ्यावर, जवळून. दुकानवालीने सांगितला होता तसाच. उशीचा, केसांच्या मुळांचा, पुष्कळ वेळ झोपून असलेल्या अंगाचा. सांगायला लाज वाटते, पण तो मला वाईट वाटला नाही. तो मला ओळखीचा वाटला. अठ्ठावीस वर्षांच्या माझ्या झोपेचा वास होता तो. बाळंतपणातल्या रात्रींचा, आजारपणांचा, चिमी कुशीत असतानाचा. मी ज्याला विसावा समजत आले होते तोच हा.

छप्पन्न. सत्तावन्न.

पलंगाच्या फळ्यांवर आठ दिवसांची धूळ होती. भिंतीच्या कडेने हातभर रुंदीची एक पट्टी मात्र स्वच्छ होती. कुशीवर झोपलेल्या माणसाला जेवढी जागा लागते तेवढी.

मी खाली बसले आणि काच ओढली. खोली इतकी गार होती की माझा श्वास मला दिसत होता. तशा थंडीत लेप दगडासारखा व्हायला हवा. कडांना तो तसाच होता. मध्यभागी, तळहाताएवढ्या जागेत, तो वितळून पुन्हा गोठला होता, आणि त्या गुळगुळीत जागेच्या मध्ये एक लहान खळगा होता. असा खळगा मला माहीत आहे. नवीन होते तेव्हा माझ्याकडूनही व्हायचा आणि बाई ओरडायच्या. काचेवर फार वाकलं की नाकाचा शेंडा लेपाला टेकतो.

कोणीतरी वाकून, कितीतरी वेळ, कोऱ्या काचेचा वास घेतला होता. मी जिथे रोज सकाळी वाकायचे तिथेच.

एक्काहत्तरनंतर मी मोजणं सोडलं. काच तिथेच ठेवली, उठले आणि स्वयंपाकघरातून मागच्या अंगणात गेले. पुढच्या दाराने बाहेर जायचं सोडून अंगणात का गेले, असं कोणी विचारलं तर एकच उत्तर आहे. माझं नाक अजून थोडा वेळ कोरं होतं, आणि मला ते वाया घालवायचं नव्हतं.

८

टोमॅटोच्या वाफ्यांपाशी ह्यांचा बसायचा दगड आहे. मी त्यावर बसले, एक पान तोडलं, तळहातांवर चुरडलं आणि नाकाशी धरलं.

ते आले. खोटं सांगत नाही. एका श्वासात सगळेच्या सगळे आले, बाह्या वर केलेले, नखांत माती असलेले, दारात उभे राहून हात चोळणारे. मी रडले. दोन वर्षं जे रडू अडकलं होतं ते सगळं रडले.

दारात उभे राहून हात चोळणारे. मी डोळे पुसले आणि ते पुन्हा नीट आठवलं. घरात येण्याआधी हे नेहमी दोन-चार पानं तोडायचे आणि हातांना चोळायचे. मनगटांना, मानेला, कानांच्या मागे. मी हसायचे. म्हणायचे, बाकीचे लोक धुवून घरात येतात, हे माखून येतात. ते हसायचे नाहीत. बाराही महिने टोमॅटोचं एखादं तरी झाड अंगणात असायचंच. ते मागच्या खोलीत एक रात्रही झोपले नाहीत, उकडतं म्हणायचे, थंडीतसुद्धा. आणि शेवटी दवाखान्यात, मी जवळ बसले की ते हळूच म्हणायचे, तिकडे खिडकीशी बस, इथे वारा लागेल. मला वाटायचं, माझी काळजी करताहेत. दिवसभर बाहेर असणाऱ्या माणसाचं नाक रोज संध्याकाळी कोरं असणार, हे माझ्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.

अठ्ठावीस वर्षांत त्यांनी मला एका शब्दाने सांगितलं नाही. कसं सांगणार? ते माझ्या केसांत होतं. बायकोला काय म्हणणार माणूस?

ऊन भिंतीवर चढून गेलं. मी ज्या दगडावर बसले होते त्याचं तोंड घराकडे होतं. समोर मागच्या खोलीची खिडकी. वाफेही असे आखलेले, की कुठेही काम करायला बसलं तरी पाठ भिंतीकडे आणि तोंड खिडकीकडे.

खिडकीच्या खालच्या तावदानावर आतून वाफ धरली होती. चहाच्या बशीएवढी. मी बघत असताना ती आकसली, जवळजवळ पुसली गेली, आणि पुन्हा पसरली. पुन्हा आकसली. संथ, एका लयीत. काचेमागे अंधार होता, त्यात मला काही दिसलं नाही. वाफेच्या मधोमध एक ठिपका मात्र पूर्ण वेळ ओला होता, काचेला टेकलेला.

मी तळहातातला चोथा मानेला चोळला. आणखी एक पान तोडलं, केसांना चोळलं. वाफ थांबली. मग शेजारच्या तावदानावर उमटली, तिथून वरच्या, तिथून पुन्हा खालच्या. आता ती घाईघाईने उमटत होती.

फोन पिशवीत होता, पिशवी पुढच्या दारात, आणि तिथे जायची वाट घरातूनच. अत्तराची बाटली अंगावरच्या चिमीच्या कुडत्याच्या खिशात होती, पण ती मी उघडली नाही. तिच्यात पाल्याच्या बरोबरीने तोही उतरलेला होता, मीच उतरवला होता. 

मी उठून वाफ्यांवरून हात फिरवला. पंचवीस दिवस रोज सकाळी मी ही झाडं ओरबाडली होती, आणि आठ दिवसांच्या थंडीत नवी फूट आली नव्हती. नुसत्या काड्या उभ्या होत्या. शेंड्यांना कुठे कुठे एखादं पान होतं. दिसतंय तोवर मी ती मोजून घेतली.

सतरा होती.